काटवल फुललं, पण फळलं नाही

जुलैच्या अंकात मी काटवलावर जेमतेम चार ओळी टाकल्या होत्या, की हा रानातला वेल घरी पण लावता येतो, कंद एकदा जमिनीत बसला की दरवर्षी पावसात आपला आपणच उगवतो, आणि बाजारात पाव किलोला साठ-सत्तर रुपये मोजण्यापेक्षा एकदा ट्राय करून पाहा. बस, एवढंच. तर त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका, गुलाबावर मी तीन वर्षांपासून लिहून राहिली पण त्यावर कधी इतके आले नाहीत. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला, फक्त काटवल. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी गोंधळू नये, आमचं काटवल म्हणजे तुमची कर्टोली, कंटोली. छत्तीसगडकडे खेकसी म्हणतात आणि गुजरातीत कंकोडा.

ताई, गावाकडून काटवलाचा कंद आणून कंपाउंडला लावला, यंदा वेल जाळीवर पूर्ण चढला, रोज संध्याकाळी पंचवीस-तीस पिवळी फुलं येऊन राहिली पण दीड महिन्यात एक फळ नाही. युरिया टाकला, डीएपी टाकलं, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून ताक पण ओतलं. आई म्हणते वांझ आहे, उपटून फेक. काय करू?
(एक वाचक, मानेवाडा)

आधी तर युरिया बंद करा दादा, वेलाला काहीच झालेलं नाही. तो वांझ नाही, तो नर आहे.

काटवलात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेल वेगळा. पपईचं आपल्याला माहीत असतं, दारात पपई उगवली आणि लांब देठाच्या तुऱ्याला फुलं लटकली की घरातली म्हातारी लगेच म्हणते हा नर आहे तोडा, पण काटवल आपण कायम बाजारातून पिशवीत आणलं, वेल कधी जवळून पाहिलाच नाही, त्यामुळे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका, त्यातल्या डायोइकाचा अर्थच दोन घरं, म्हणजे नवरा एका घरात आणि बायको दुसऱ्या घरात. कारलं याच कुळातलं, याच मोमॉर्डिका खानदानातलं, पण कारल्यात दोन्ही फुलं एकाच वेलावर येतात म्हणून कारलं एकटं लावलं तरी फळतं आणि लोकांना वाटतं काटवलाचं पण तसंच असेल.

ओळखायचं कसं ते सांगते, आणि हे एकदा पाहिलं की आयुष्यभर विसरणार नाही. संध्याकाळी फुल उमललं की त्याच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूला बघा. मादीच्या फुलाखाली पहिल्या दिवसापासूनच एक बारकं, हिरवं, काटेरी बोंड असतं, अगदी मिनी काटवल. नराच्या फुलाखाली तसं काही नसतं, फुल सरळ देठावर, पण फुलाच्या अगदी बुडाशी टोपीसारखं एक हिरवं पान असतं, कळी असताना तर त्या टोपीत लपलेलीच दिसते. मादीला पण असं पान असतं पण ते एकदम बारीक आणि देठावर खाली कुठेतरी, शोधावं लागतं. पानावरून मात्र ओळखायला जाऊ नका, काटवलाचं पान एकाच वेलावर कुठे साधं कुठे तीन भागांचं असतं, त्याच्यावरून नर-मादी सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता ते वांझ प्रकरण. जुन्या वैद्यकात संस्कृतमध्ये या वेलाला कर्कोटकी म्हणतात आणि जो वेल फुलतो पण फळत नाही त्याला वंध्या कर्कोटकी, आपल्या बोलीत वांझ कर्टोली. आणि तो बहुतेक वेळा कोण असतो तर नर! मला याची फार गंमत वाटते, फळ नाही दिलं नराच्या वेलानं आणि शिव्या गेल्या बाईच्या नावानं. त्यामुळे तुमच्या आईंना सांगा की वांझबिंझ काही नाही, मुलगा आहे तो.

माझं स्वतःचं सांगते म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. माझं माहेर देवलापारकडचं, लहानपणी पावसाळ्यात आम्ही पोरं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, काटेरी कुंपणातून काटवलं तोडायचो, म्हणून मला वाटायचं मला यातलं सगळं समजतं. नागपुरात घर झाल्यावर एका आठवडी बाजारातून पाच कंद घेतले, विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं बाई सगळे मादी आहेत. पाचही लावले, मांडव केला, पुढच्या पावसात पाचही फुलले, आणि पाचही नर निघाले. पाच! नवरा अजून टोमणे मारतो. कंदावरून नर-मादी ओळखता येत नाही, जो वेल फुलताना पाहून खुणेनं बांधून ठेवला त्याचाच कंद खात्रीचा, ही शिकवण मला पाचशे रुपयांत मिळाली.

तर उपटू नका. नर मिळणं पण सोपं नाही, सगळे मादी मादी करतात आणि मग नर नाही म्हणून रडतात. तुमच्या नराचं काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात सांगते, तोपर्यंत थांबा.

आमच्या माळ्यानं नोव्हेंबरमध्ये काटवलाचा वेल वाळला म्हणून मुळासकट उपटून टाकला. आता परत येईल का?
(एक वाचक, लक्ष्मीनगर)

वरचा वाळलेला वेल ओढताना तुटला असेल आणि कंद जमिनीतच राहिला असेल तर येईल, कंदासकट गेला असेल तर गेला. माळ्याची पण चूक नाही म्हणा, काटवल दिसायलाच फसवं आहे. ऑक्टोबर सरत आला की पानं पिवळी पडतात, वेल वाळतो, डिसेंबरपर्यंत वर काडी पण राहत नाही, आणि उन्हाळाभर ती जागा मोकळी दिसते म्हणून कोणी तिथे तुळस लावतं कोणी बादली ठेवतं. खाली कंद मात्र झोपलेला असतो. मृगाच्या आसपास, कधीकधी तर मे महिन्यातल्या वळवाच्या एका सरीनंच, कोंब वर येतो आणि मग वाढायला लागला की दिवसाला बोटभर नाही तर वीतभर. दरवर्षी कंद जाड होत जातो, वर फुटणारे कोंब वाढतात. चांगल्या जागी एकच कंद सात-आठ वर्ष सहज चालतो. जागेवर एक विटेचा तुकडा नाही तर जुन्या टाइलचा तुकडा पुरून ठेवा, माळी बदलला तरी खूण राहते.

ताई, पारशिवनी तालुक्यात आमचं वावर आहे, त्यातली वीस गुंठे बरड जमीन आहे, कापसाला काही कामाची नाही. युट्युबवर काटवलाच्या शेतीचे व्हिडिओ पाहिले, एकरी लाखो सांगतात. खरं आहे का? बी लावू की कंद?
(एक शेतकरी वाचक)

भाऊ, लाखाचा आकडा मी सांगणार नाही. तुमच्या गावातून गाडीभाडं किती, पहिला तोडा कधी येतो, तोडायला माणसं मिळतात का यावर सगळं आहे, आणि काटवल दर दोन-तीन दिवसांनी तोडावंच लागतं, एक तोडा चुकला की बी टणक होते, फळ पिवळं पडतं आणि मग कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात त्याच्याकडे कोणी पाहत पण नाही. सीझनच्या सुरुवातीला भाव चढा आणि महालक्ष्म्या आटोपल्या की उतरतो, हे मी गिऱ्हाईक म्हणून तर दरवर्षीच पाहते.

जमीन मात्र तुमची चांगली आहे, कापसाला नाही म्हणून काटवलाला पण नाही असं नसतं. हा वेल मुळात डोंगराच्या उताराचा, झुडपाच्या आधारानं चढणारा, त्याला पाणी वाहून जाणारी जमीन लागते. काळ्या कन्हार जमिनीत जुलैच्या झडीत पाणी साचतं आणि कंद सडतो. ज्यांची काळीच जमीन आहे त्यांनी उंच गादीवाफा केल्याशिवाय लावूच नये.

बी आणि कंदाचा हिशोब असा आहे. बियांतून येणारे साधारण निम्मे नर, निम्मे मादी, आणि फुल येईपर्यंत कळत नाही. त्यात बी आळशी, ताजी काढून लावली तर महिनोन्महिने उगवत नाही, वरचं कवच टणक असतं, ते हलक्या हातानं फोडून रात्रभर भिजवून लावणारे लोक आहेत पण आतला गर दुखावला तर गेलं. तरी बियांचीच लावायची असली तर एका खड्ड्यात तीन बिया टाका, फुलल्यावर एक मादी ठेवा बाकी काढा. यात पण दर आठ खड्ड्यांत एखादा असा निघणारच की तिन्ही नर, साधं नाणं उडवायचं गणित आहे, तीन वेळा छापाच पडावा तसं. आणि दोनच बिया टाकल्या तर चारातला एक खड्डा रिकामा जातो.

कंदाचं तसं नाही, खात्रीच्या वेलाचा कंद असला तर मादीचा मादीच निघतो. अडचण एवढीच की काटवलाचा कंद बटाट्यासारखा भराभर वाढून दहाचे शंभर होत नाही. वरच्या भागाला डोळे असतात, तिथून उभे काप करायचे, प्रत्येक कापाला एक डोळा हवा, पण एका कंदातून दोन-चारच मिळतात. म्हणूनच लागवडीचा कंद महाग मिळतो आणि म्हणूनच त्यात फसवणूक पण होते. वेलाच्या कांडीपासून पण रोप करतात, मुळं फुटायचं संजीवक लावून सावलीत, पण त्यात माझा हात बसलेला नाही तर मी काय सांगू.

दोन मीटर बाय दोन मीटर लावलं तर वीस गुंठ्यांत साधारण ५०० वेल बसतात. त्यात दर नऊ मादीला एक नर, म्हणजे ४५० मादी आणि ५० नर. हे पन्नास नर एका कोपऱ्यात गोळा करून लावायचे नाहीत, सगळ्या वावरात विखरून लावायचे, प्रत्येक दहावा वेल नर असं धरा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा. आमच्या नात्यातल्या एकानं सगळे नर धुऱ्याला लावले, जागा वाचवायला, आणि मधल्या ओळी तशाच रिकाम्या राहिल्या. फुटभराचे खड्डे, चांगलं कुजलेलं दोन-तीन किलो शेणखत, पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद लावा आणि नसेल तर सरळ मृगाच्या पावसावर. पाच-सहा फुटांचे बांबू, वर तार, त्यावर दोरीची जाळी. मांडवावर कंजूषी करू नका, वेल जमिनीवर लोळला की फळ मातीला लागून सडतं आणि तोडताना दिसत पण नाही, हिरव्यात हिरवं.

वाण पाहिजे असेल तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा इंदिरा कंकोड-१ नावाचा वाण आहे, आणि रायपूर आपल्याला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. इथे नागपुरात महाराजबागेजवळ आपलं कृषी महाविद्यालय आहेच, जाऊन माती दाखवा. पण पहिल्याच वर्षी वीस गुंठे करू नका, दोन गुंठे करा, त्यातले नर-मादी ओळखून खूण करा आणि पुढच्या वर्षी आपल्याच कंदांतून वाढवा. पहिल्या वर्षी फळ तसंही कमीच असतं.

बाजारात हल्ली लिंबापेक्षा मोठे, जाडजूड काटवल दिसतात. इंजेक्शन देऊन फुगवतात असा मेसेज आला होता, खरं का?
(एक वाचक, खामला)

नाही हो. ती वेगळी जात आहे. बंगालीत तिला काकरोल म्हणतात, आसाम-बंगाल-ओडिशाकडे खूप पिकते, फळ आपल्या काटवलाच्या तीन-चार पट, काटे मऊ आणि आखूड, फुल पण मोठं आणि फिकट, आणि ते सकाळी उमलतं. आपलं काटवल संध्याकाळी उमलतं, हे दोघांचं जमतच नाही. त्या मोठ्या जातीतलं अर्का भारत नावाचं वाण बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूमधल्या चेट्टळ्ळी केंद्रानं काढलंय. भाजी होते, वाईट नाही, भरली करायला तर मोठंच बरं पडतं. पण रानच्या काटवलाचा तो करकरीत, थोडा मातकट वास तिच्यात नाही, हे माझं मत, भांडायचं असेल तर भांडा.

काटवल ही जगातली सगळ्यात ताकदवान भाजी, मटणापेक्षा पन्नास पट प्रोटीन, शुगर पूर्ण बरी होते असं व्हॉट्सॲपवर फिरून राहिलं. मला दहा वर्षांपासून शुगर आहे. गोळी बंद करून कंदाचं चूर्ण घेऊ का?
(एक ज्येष्ठ वाचक, महाल)

काका, हात जोडते, गोळी बंद करू नका.

काटवलात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच आहे, शंभर ग्रॅम काटवलात प्रोटीन साधारण तीन ग्रॅम. तेवढ्याच चिकनमध्ये वीसच्या वर. आता पन्नास पट कुठून आलं ते ज्यानं फॉरवर्ड केलं त्याला विचारा. भाजी म्हणून काटवल छानच आहे, तंतू आहेत, गोड नाही, शुगरवाल्यानं कमी तेलात खुशाल खावी. प्रयोगशाळेत उंदरांवर वगैरे याच्या अर्काचे प्रयोग झालेत, पण उंदीर म्हणजे महालातले काका नव्हेत आणि अर्क म्हणजे भाजी नव्हे. कंद औषधात वापरतात हे खरं, मूळव्याधीवर, विंचू-सापावर पण गावाकडे सांगतात, पण कोणता कंद किती मात्रेत हे वैद्याचं काम, बाजारातल्या पुडीचं नाही. आणि साप चावला तर कंद उगाळत बसू नका, सरळ मेडिकल कॉलेजचा दवाखाना नाही तर मेयो हॉस्पिटल गाठा.

एक आणखी, कोणत्याही वेलाचं फळ, काटवल असो दुधी असो काकडी असो, कडूजहर लागलं तर थुंकून टाकायचं. कारल्याचं सोडा, ते कडूच असतं. पण ज्याला कडू असायला नको ते कडू लागलं तर त्यात विषारी तत्त्व असू शकतं, कडू दुधीचा रस औषध म्हणून नाक दाबून पिणारे दवाखान्यात भरती झालेत.

फळाच्या आत अळ्या निघून राहिल्या. आंब्याला लावतो तो फळमाशीचा सापळा टांगला, एक पण माशी पडली नाही.
(एक वाचक, हिंगणा)

सापळा चुकला. आंबा-पेरूच्या माशीचं आमिष वेगळं असतं, मिथाईल युजेनॉल, आणि वेलवर्गीय भाज्यांच्या माशीचं क्यू-ल्युअर. दुकानदाराकडे कारल्या-दोडक्याचा सापळा द्या म्हणा, तो बरोबर देईल. त्यात नर माश्या पकडल्या जातात, मग मादी अंडी घालायचं कमी होतं, एकदम बंद नाही होत. किडलेलं फळ धुऱ्यावर फेकू नका, खड्ड्यात खोल पुरा नाही तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, नाही तर त्यातल्या अळ्या मातीत जाऊन परत माशी होऊन येतात. आणि फळ कोवळंच तोडा. फुल लागल्यापासून पंधरा दिवसांच्या आतबाहेर.

फ्लॅटमध्ये राहतो, टेरेसवर ग्रो बॅगमध्ये येईल का?
(एक वाचक, बेसा)

येईल, पण दोन बॅगा लागतील, एकात मादी एकात नर, आणि बॅग दीड फूट खोल तरी हवी. मातीत निम्मं शेणखत आणि वाळू-मुरूम मिसळा. पण खरी परीक्षा मे महिन्यात. जमिनीतला कंद पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्रीत पण आरामात झोपतो कारण खाली थंड असतं, टेरेसवरच्या काळ्या बॅगेत तो अक्षरशः उकडतो. वेल वाळला की बॅग उचलून जिन्याखाली नाही तर सावलीत ठेवा, वर गवत अंथरा, पंधरा दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी. जास्त नको. चौथ्या-पाचव्या मजल्यावर पराग नेणारे रात्रीचे पतंग येतात की नाही भरवसा नाही, तर हातानं परागीकरण करायची तयारी ठेवा, ते खाली सांगतेच.

रामटेककडे जंगलात काटवलाचे वेल भरपूर आहेत, पोरांना घेऊन दोन-चार कंद खोदून आणायचा प्लॅन आहे. कोणत्या महिन्यात जावं?
(एक वाचक, जरीपटका)

कोणत्याच महिन्यात जाऊ नका. राखीव जंगलातून कंद काय, पाला पण परवानगीशिवाय आणणं १९२७च्या भारतीय वन कायद्यात गुन्हा आहे, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाचा भाग असला तर वन्यजीव कायदा पण लागतो, पोरांसमोर गार्डनं गाडी अडवली तर काय सांगाल.

पण कायदा सोडा, दुसरी गोष्ट सांगते. फळ तोडलं तर वेलाचं काही बिघडत नाही, तो पुढच्या वर्षी परत देतो, पण कंद काढला की तो वेल संपला. आणि ज्या बाया पहाटे डोक्यावर टोपली घेऊन गावावरून येतात आणि सक्करदऱ्याच्या, बुधवारीच्या बाजारात बसतात त्यांची दोन महिन्यांची कमाई त्या वेलांवर असते. आमच्या माहेरी कुंपणातले वेल कोणाच्या मालकीचे नव्हते तरी कोणत्या वेलाला कोणी हात लावायचा हे ठरलेलं असायचं, आणि कंद उकरताना एखादं पोर सापडलं तर मालक नसलेल्या वेलासाठी पण कानाखाली वाजायची. आता तिकडे पण वेल कमी झालेत, धुरे जेसीबीनं साफ केले, कुंपणाच्या जागी तार आली, वेल चढणार कशावर.

त्याच बायांपैकी कोणाला तरी आगाऊ सांगून ठेवा की त्यांच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, वेलाचा कंद द्या, थोडे जास्त पैसे द्या. किंवा पिकून नारिंगी झालेली दोन फळं मागा, आतल्या लाल गरातल्या बिया धुऊन सावलीत वाळवा, पुढच्या पावसाला लावा. उशीर लागेल, पण पोरांना खरी मजा त्यातच येईल.

ताई, माझ्याकडे काटवलाचे दोन वेल आहेत. फुलं येतात, त्याखाली छोटं काटेरी फळ पण दिसतं, मटाराएवढं होतं आणि पिवळं पडून गळतं. दररोज सकाळी खाली पाच-सहा पडलेले असतात, पाहून जीव तुटतो.
(एक काकू, त्रिमूर्तीनगर)

काकू, तुमच्या दोन्ही मादी आहेत आणि नर जवळपास कुठेच नाही. ते फळ नव्हेच, ते फुलाखालचं बोंड, पराग मिळाले नाही की गळून जातं. औषध-खताचा इथे काही उपयोग नाही.

आणि इथे मला मानेवाड्याचे ते दादा आठवले, ज्यांच्याकडे रोज पंचवीस-तीस नर फुलं फुकट जाऊन राहिली! रिंग रोडनं वीस मिनिटं. मी दोघांनाही विचारलं, दोघंही हो म्हणाले, तर नंबर एकमेकांना पोचवलाय. स्थळ मी जमवलं, आता पुढचं असं.

काटवलाचं फुल दिवस मावळताना उमलतं, साडेसहा-सातच्या सुमाराला, वासही तेव्हाच सुटतो, आणि निसर्गात हे काम रात्रीचे पतंग करतात. म्हणून सकाळी आरामात चहा घेऊन परागीकरण करायला गेलं तर उपयोग नाही, तोपर्यंत फुल कोमेजलेलं असतं. दादांनी संध्याकाळी पाचला उमलायच्या बेतातल्या टपोऱ्या नर कळ्या देठासकट तोडायच्या, स्टीलच्या डब्यात ओला रुमाल घालून त्यावर ठेवायच्या, झाकण घट्ट लावायचं नाही. काकूंकडे पोचेपर्यंत त्या उमलतात. मग नर फुलाच्या पाकळ्या अलगद मागे मोडायच्या, मधला पिवळा परागाचा भाग मोकळा करायचा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा, घासायचा नाही. एका नर फुलात पाच-सहा मादी फुलं होतात. ज्याला केलं त्याच्या देठाला दोरा बांधा, नाही तर दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तीन-चार दिवसांत बोंड गळलं नाही आणि फुगायला लागलं की समजायचं जमलं, पंधरा दिवसांत भाजी.

आता रोज रोज डबा घेऊन कोण जाणार, तर हे फक्त या सीझनपुरतं, आठवड्यातून दोनदा केलं तरी पावभर तरी निघेल. जानेवारीत दादांनी आपला कंद उकरून डोळ्यासकट एक काप काकूंना द्यावा आणि काकूंनी एक मादीचा काप दादांना, कापलेल्या जागी राख लावून दोन दिवस सावलीत ठेवायचा आणि मग लावायचा. आपल्या घरच्या नर आणि मादी वेलांमध्ये दहा-बारा फुटांच्या वर अंतर नको.

काकूंनी विचारलंय की पहिली भाजी कशी करावी. गोल चकत्या करा, जून बिया काढून टाका, कोवळ्या राहू द्या. भिजवलेली चण्याची डाळ, कांदा, हिरवी मिरची, तेल जरा सढळ, झाकण अजिबात नाही, मोठ्या आचेवर कडा लाल होईपर्यंत, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. दादांकडे पण एक डबा पाठवा.